उन्हाच्या उधारीवर

मे महिन्यात परभणीत पारा ४३-४४ वर गेला की बारा ते चार रानात चिटपाखरू दिसत नाही. बैल लिंबाखाली, सालगडी आखाड्यावर. मग त्याच रानात राहणारे साप, सरडे, घोरपडी जातात कुठे? त्यांना घाम येत नाही, अंगावर केस नाहीत, पिसं नाहीत. आपलं शरीर ३७ अंशांवर राहतं ते आतल्या आत उष्णता तयार होत असल्यामुळे. सरपटणाऱ्या प्राण्यांकडे ती सोय नाही. त्यांची सगळी ऊब उधारीची, आणि सावकार एकच, सूर्य. जगात यांच्या बारा हजारांहून जास्त जाती या उधारीवर जगतात, आणि हिशेब असा चोख ठेवतात की बघत राहावं.

धुऱ्यावरचा साधा सरडाच घ्या. सकाळी तो बाभळीच्या खोडावर उन्हाकडे पाठ करून, अंग चपटं पसरून बसतो. तेव्हा त्याचा रंग काळपट असतो, कारण गडद कातडी ऊन लवकर शोषते. अंग तापलं की रंग उजळतो आणि गडी किड्यांच्या मागे लागतो. ऊन चढलं की खोडाच्या सावलीकडच्या बाजूला सरकतो, उतरलं की परत पुढे. पावसाळ्याच्या तोंडावर नराचं डोकं नि गळा लालभडक होतो, तेव्हा ‘सरडा लांबून रक्त पितो’ म्हणून पोरं दगड मारतात. तो बिचारा मादीला आपला रुबाब दाखवत असतो. खरं नवल त्याच्या टाळूवर आहे. दोन डोळ्यांच्या मागे, मधोमध, एका खवल्याखाली त्याला तिसरा डोळा असतो! नावापुरता नव्हे, त्यात भिंग असतं, उजेड टिपणारा पडदाही असतो. चित्र मात्र उमटत नाही. उजेड किती, कमी होतोय की वाढतोय, एवढंच त्याला कळतं, आणि ऊन किती खायचं हे ठरवायला तेवढं पुरतं. घोरपडीलाही हा डोळा असतो. घरातल्या पालीला नसतो. तिचं काम ट्यूबलाइटखाली, रात्रीचं.

सापांची गोष्ट निराळी. त्यांना परभणीच्या काळ्या मातीनेच घर दिलं आहे. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत कधी कधी अख्खा हात जाईल (घालू मात्र नका). वर पाय ठेवला तर चटका बसतो, हात-दीड हात खाली चक्क गारवा असतो. उंदीर बिळं करून आत बसतात आणि त्यांच्या मागून नाग-धामण. नागाला स्वतःला बीळ खणता येत नाही, तो उंदराच्या आयत्या घरात उंदीर खाऊनच राहतो. त्याच मातीत वाळा नावाचा साप असतो, वीतभरही नाही, गांडुळासारखा दिसणारा. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खातो. या जातीत नर सापडतच नाही. सगळ्या माद्या, आणि नराशिवायच अंडी घालतात. म्हणून कुंडीतल्या मातीतून एक वाळा परदेशी गेला तरी तिथे नवी वस्ती उभी राहते. जमिनीवरच्या सापांत जगात सर्वांत दूरवर पसरलेला तो हाच.

आतून ऊब तयार करायची नाही म्हटल्यावर भाकरीही कमी लागते. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जे अन्न लागतं, त्याच्या दहाव्या हिश्श्यात यांचं भागतं. एक मोठा उंदीर गिळला की घोणस कित्येक दिवस निवांत. ओढ्या-तळ्यांतलं कासव तर या काटकसरीत सगळ्यांच्या पुढे. पाणी आटलं की ते चिखलात स्वतःला पुरून घेतं. कवचाच्या खालच्या बाजूला मागच्या पायांवर लवचीक झापा असतात, त्या मिटल्या की मऊ भाग झाकला जातो. अन्न नाही, हालचाल नाही, श्वासही बेताचा. पाऊस पडेपर्यंत असंच.

पिलांचा हिशेबही बऱ्याचदा उन्हावरच. मगरीच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे घरट्याची ऊब ठरवते. ३० अंशांच्या आसपास सगळ्या माद्या, ३२.५ च्या आसपास नर. घोणस आणि मांडूळ अंडी घालतच नाहीत. अंडी पोटात ठेवून स्वतःच उन्हात शेकतात आणि जिवंत पिलं देतात. त्या मांडुळाला लोक दोन तोंडं चिकटवतात आणि गुप्तधनाच्या नादात लाखोंचे सौदे करतात. शेपूट बोथट आहे, एवढंच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते पकडणं गुन्हा आहे.

जूनमध्ये मोठा पाऊस झाला की हे सगळं उलटं होतं. माती फुगते, भेगा मिटतात, बिळांत पाणी शिरतं आणि आत दडलेले जीव धुऱ्यावर, कडब्याच्या गंजीत, गोठ्यात येतात. पेरणीची गडबड आणि सापांची हलवाहलव एकाच वेळी. मण्यार त्यातली सर्वांत फसवी. निघते रात्री, खाते उंदीर आणि दुसरे साप. जमिनीवर झोपलेला माणूस कूस बदलताना तिला दाबतो आणि ती चावते. दुखत नाही, सूज नाही, खूणही कधी कधी सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटू लागतात, मग श्वास अडकतो.

म्हणून पावसाळ्यात खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा आणि रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. साप चावलाच तर त्याला मारून सोबत न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर आपल्याकडे एकच लस चालते. मांत्रिकाकडे, देवळात किंवा लिंबाचा पाला चघळण्यात वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलू न देता माणसाला निजवा, १०८ ला फोन करा आणि तडक सरकारी दवाखाना गाठा.