ट्रकवरून बसवर: लायसन्स एक, बिल्ला वेगळा

मालट्रक चालवणारा माणूस उद्या बस चालवू शकतो का? पूर्वी मालवाहू आणि प्रवासी अवजड वाहनांचे परवाने वेगळे असत. 1994 च्या दुरुस्तीने ते ‘परिवहन वाहन’ या एकाच वर्गात आले. त्यामुळे ट्रकवाल्याला बससाठी नवं लायसन्स काढावं लागत नाही. वयाची 20 वर्षं पूर्ण हवीत, हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर जुना हवा, या अटी त्याने आधीच पार केलेल्या असतात. नूतनीकरण दर पाच वर्षांनी. आठवी पासची अट तर 2019 मध्येच गेली.

अडतं ते बिल्ल्यापाशी. महाराष्ट्रात प्रवासी वाहनासाठी आरटीओचा बिल्ला, म्हणजेच बॅच, लागतो. एसटीच्या चालक भरतीतही अवजड वाहनाच्या परवान्याइतकंच त्याला महत्त्व.

खरी परीक्षा मात्र स्टिअरिंगवर होते. बसचा मागचा भाग मागच्या चाकांच्या बराच मागे लोंबतो. नियमाने तो व्हीलबेसच्या 60 टक्क्यांपर्यंत चालतो. स्थानकाच्या फलाटावरून गाडी काढताना उजवीकडे जोरात वळवली, तर शेपूट डावीकडे, थेट रांगेतल्या माणसांकडे झुकतं. शिवाय ट्रकमधला माल दोरखंडाने बांधलेला असतो. बसमधला अर्धा ‘माल’ दांडी धरून उभा, एका हातात पिशवी! ट्रकच्या सवयीने ब्रेक दाबला की मागून आधी आरडाओरडा, मग घंटी.