रोजा कुणावर फर्ज, हे ठरवणार कोण?

रमजानमध्ये दिवसाढवळ्या, चारचौघांत खाणे-पिणे किंवा विडी ओढणे पाकिस्तानात गुन्हा ठरू शकतो. जनरल झिया-उल-हक यांनी १९८१ मध्ये ‘एहतराम-ए-रमजान’, म्हणजे रमजानचा आदर राखण्याचा अध्यादेश काढला, तेव्हापासून. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड.

या कायद्याचे शब्द मात्र नीट वाचायला हवेत. इस्लामनुसार ज्याच्यावर रोजा फर्ज आहे, त्याच्यापुरतीच ही मनाई आहे. म्हणजे हिंदू, ख्रिस्ती, शीख यातून सुटले. आजारी, प्रवासी आणि लहान मुलांना तर शरीयतनेच सवलत दिली आहे. राज्यघटनेनेही इस्लामला राज्यधर्म ठरवताना इतरांना आपापला धर्म पाळण्याचा हक्क दिला आहे. कागदावर सगळे ठीक. पण चौकातल्या पोलिसाने समोरच्याचा धर्म, त्याचा ताप, त्याचा प्रवास ओळखायचा कसा? तो ओळखत बसत नाही. हॉटेलांची शटर सरसकट खाली येतात आणि ज्याच्यावर रोजा नाही, तोही आडोसा शोधून दोन घास खातो.

जून २०१६ मध्ये सिंध प्रांतातल्या घोटकी जिल्ह्यात एका वृद्ध हिंदूला पोलिस शिपायाने रक्त निघेपर्यंत मारले. कारण काय, तर इफ्तारच्या वेळेआधी खाल्ले! रक्ताळलेल्या म्हाताऱ्याचा फोटो समाजमाध्यमांवर पसरला, ओरड झाली, तेव्हा शिपायाला अटक झाली. अध्यादेशाचे कलम लावले तरी म्हाताऱ्याचा काहीच गुन्हा नव्हता. पण मार खाताना कलम कोण वाचून दाखवणार?

त्याआधीच्या वर्षी, रमजानमध्येच, कराचीत उष्णतेच्या लाटेने हजारावर माणसे दगावली. जिवाला धोका असेल तर रोजा सोडा, असे उलेमांनी सांगितले. इतके होऊनही २०१७ मध्ये सिनेटच्या समितीने मंजूर केली ती कायदा सौम्य करणारी दुरुस्ती नव्हे, तर हॉटेलमालकांचा दंड २५ हजार रुपयांपर्यंत वाढवणारी.

त्याच सिंधमध्ये थरपारकरचे मिठी हे गाव आहे. तिथे हिंदूंची वस्ती मोठी. रमजानमध्ये तिथले हिंदू उघड्यावर खात नाहीत, काही जण रोजाही धरतात. मोहरमच्या दिवसांत ते लग्ने ठेवत नाहीत. आणि शेजारचे मुसलमान गाय कापत नाहीत. यातली एकही गोष्ट अध्यादेशात लिहिलेली नाही.