घड्याळातला लाल ठिपका

वडिलांचं चावीचं घड्याळ एकाएकी दिवसाला पंधरा मिनिटं पुढं पळायला लागलं. जुनं घड्याळ मागं पडलं तर समजू शकतं, पण ते पुढं का पळावं? दुरुस्तीवाल्या काकांनी मागचं झाकण फिरवून काढलं, क्षणभर आत पाहिलं आणि डोळ्याला लावलेलं भिंग काढून माझ्या हातात ठेवलं. "ताई, आधी बघून तर घ्या आत काय आहे."

आत बॅलन्सचं चाक इकडून तिकडं झुलत होतं आणि त्याच्या पोटात केसाहून बारीक स्प्रिंग श्वास घेतल्यासारखी फुलत-आकसत होती. चाकांच्या आसांपाशी गुलाबी ठिपके होते, मोहरीहूनही लहान. काकांनी दुकानातला दिवा मालवला आणि गल्ल्याशेजारचा, नोटा तपासायचा जांभळा दिवा घड्याळावर धरला. अंधारात ते ठिपके फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखे लाल पेटले. इतकी वर्षं वडिलांच्या मनगटावर हे चालत होतं आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

डायलवर जे '१७ ज्वेल्स' छापलेलं असतं, ते हेच. ती खरोखरची माणकं असतात, फक्त खाणीतली नव्हे, भट्टीतली. साध्या चावीच्या घड्याळाचा बॅलन्स बहुधा तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला ४,३२,०००, वर्षाला पंधरा कोटींहून जास्त. हा सगळा भार आसाच्या ज्या टोकांवर फिरतो, ती जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी जाड असतात. पोलादाचं ते टोक पितळेच्या भोकात फिरलं, तर भोक झिजून लांबट होणार आणि चाक डुगडुगणार. माणिक पितळेसारखं झिजत नाही. हिऱ्याच्या खालोखाल कठीण, आरशासारखं गुळगुळीत, आणि तेलाचा सुईच्या अग्रावर मावेल एवढा थेंब वर्षानुवर्षं जागच्या जागी धरून ठेवणारं. निकोला फातियो या स्विस गणितज्ञानं १७०४ साली लंडनमध्ये दोन कारागीर भावांसह माणकाला भोक पाडून ते घड्याळात बसवण्याच्या युक्तीचं पेटंट मिळवलं. पुढची दोनशे वर्षं घड्याळात खाणीतलीच रत्नं बसत. मग १९०२ मध्ये फ्रान्सच्या ऑग्युस्त व्हेर्नॉयनं आपली रीत जगापुढं मांडली: ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची, पूड दोन हजार अंशांहून तापलेल्या ज्योतीतून खाली सोडायची, ती वितळते आणि खाली थेंबावर थेंब साचून माणकाची कांडी वाढत जाते. त्यानंतर माणिक साध्या माणसाच्या घड्याळात आलं.

इथपर्यंत मला थोडंफार ठाऊक होतं. पण ॲल्युमिनाची पूड पांढरी असते. नुसती ती वितळवली तर पाण्यासारखा स्वच्छ स्फटिक मिळतो, आणि महागड्या घड्याळांवर जी 'सफायर' काच असते ती हीच. मग माणिक लाल कशानं?

तर त्या पुडीत चिमूटभर क्रोमियम मिसळलेलं असतं. शंभरेक ॲल्युमिनियम अणूंमागं एखादा क्रोमियमचा अणू घुसला, की तो हिरवा आणि जांभळा प्रकाश गिळतो आणि लाल सोडून देतो. जांभळ्या दिव्याखाली तर गिळलेला प्रकाशही लाल करून परत फेकतो. काकांच्या दुकानात पेटलेला निखारा तो हाच. पाचूचा हिरवा रंगही बहुधा याच धातूचा, फक्त शेजारचे अणू वेगळे. पॅरिसच्या लुई निकोला वोकलँनं १७९७ मध्ये सायबेरियाच्या एका लाल खनिजात हा धातू शोधला. त्याचे क्षार इतके रंगीबेरंगी निघाले, की ग्रीक भाषेतल्या रंगाच्या शब्दावरूनच त्याचं बारसं झालं. आपल्या सिंधुदुर्गात कणकवली परिसरातल्या खडकांतही त्याचं खनिज आहे. काळा, जड, दिसायला अगदी सामान्य दगड.

एकदा हे नाव डोक्यात बसल्यावर ते त्या घड्याळात मला जिथंतिथं भेटायला लागलं.

आधी ती श्वास घेणारी स्प्रिंग. साध्या पोलादाची असती, तर गरमीत ती सैल पडली असती. एका अंशामागं दिवसाला सुमारे दहा सेकंदांची चूक. महाबळेश्वरला लावलेलं घड्याळ चिपळूणला उतरेपर्यंत वेगळंच वागू लागलं असतं. फ्लरिए या स्विस गावात घड्याळवाल्यांच्या घरात जन्मलेल्या शार्ल एदुआर गियोमनं लोखंड आणि निकेल यांची मिश्रणं तपासण्यात हयात घालवली. लोखंडात सुमारे ३६ टक्के निकेल आणि १२ टक्के क्रोमियम घातलं, की उन्हाळा असो वा हिवाळा, स्प्रिंगचा ताठरपणा जवळजवळ तसाच राहतो, हे त्यानं दाखवलं. त्या मिश्रणाचं नाव एलिनव्हार. निकेल-पोलादाच्या अभ्यासासाठी त्याला १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या शोधाचा फायदा हातगाडीवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांच्या मनगटावर पोचला, आणि मला तो पुरस्कार फार योग्य वाटतो. आजच्या स्प्रिंगा त्याच मिश्रणाच्या लेकी-नाती आहेत.

पण लोखंड आणि निकेल आलं की चुंबकाशी नातं आलं. काकांनी ड्रॉवरमधून छोटं होकायंत्र काढलं आणि घड्याळ त्याच्यापाशी नेलं. सुई वळली. "रात्री कुठं ठेवता?" त्यांनी विचारलं. मी दोन महिने ते नव्या स्पीकरवर ठेवत होते. उशाशी तीच जागा मोकळी होती. स्पीकरच्या पोटात चुंबक असतो. स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना किंचित चिकटायला लागले होते. चिकटलेली स्प्रिंग म्हणजे आखूड झालेली स्प्रिंग, आणि आखूड स्प्रिंगवर बॅलन्स भराभरा झुलतो. म्हणून पंधरा मिनिटं. काकांनी घड्याळ एका निळ्या डबीवर ठेवलं, बटण दाबलं, हळूहळू वर उचलत दूर नेलं. होकायंत्राची सुई आता जागची हलेना. एवढंच. मोबाइलचं चुंबकी कव्हर, पर्सचं चुंबकी बटण, टॅबलेटची कड, हे सगळे याच दुखण्याला कारण. चांगलं चालणारं घड्याळ अचानक पुढं धावलं, तर उघडण्याआधी होकायंत्र दाखवावं.

घड्याळ उघडलंच होतं, म्हणून काकांनी जुनं वाळलेलं तेल धुऊन नवं घालायचं ठरवलं. चार-पाच वर्षांतून एकदा हे करायलाच हवं. घड्याळ चालतंय म्हणून तेल शिल्लक आहे असं होत नाही. वाळलेल्या तेलात धूळ मिसळून टोकं कानशीसारखी घासली जातात. माणिक टिकतं, टोकं जातात.

मग झाकण बसवताना त्याच्या पाठीवर कोरलेलं दिसलं: 'स्टेनलेस स्टील बॅक'. त्यातला 'बॅक' हा शब्द महत्त्वाचा आहे. पाठ स्टीलची, म्हणजे बाकीचा डबा स्टीलचा नसण्याचीच शक्यता जास्त. वडिलांच्या घड्याळाचा डबा पितळेचा, त्यावर निकेल, आणि त्यावर मायक्रॉनच्या निम्म्याहूनही पातळ असं क्रोमियमचं पाणी. मनगटाचा घाम ते पाणी कुठंतरी भेदतो, खालचं पितळ खातो, हिरवट मळ धरतो. काहींच्या मनगटाला येणारी खाजही बऱ्याचदा उघड्या पडलेल्या निकेलची असते.

स्टेनलेस स्टीलमध्येही क्रोमियमच असतं, पण वरून फासलेलं नव्हे, अंगात भिनलेलं. घड्याळांत बहुधा ३१६एल जातीचं स्टील वापरतात. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम. हवा लागताच त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. मिलिमीटरचे दहा लाख भाग करावेत आणि त्यातले दोन-तीन घ्यावेत, एवढाच तो जाड. ओरखडा पडला की हवेतला ऑक्सिजन घेऊन तो तिथल्या तिथं पुन्हा धरतो. आपलं घड्याळ दाराच्या कडीला घासतं आणि आपण हळहळतो, तेव्हा ती जखम आतून कधीच भरून आलेली असते. शिवाय त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते घामातल्या मिठाला तोंड देतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यानं रोजच्या वापरासाठी डोळे मिटून हेच घ्यावं, असं माझं मत आहे.

स्टीलनंही खाज येणाऱ्याला टायटॅनियम बरं. ते स्टीलच्या जेमतेम सव्वापट हलकं असेल असं मला वाटायचं. हातात घेतल्यावर चकित झाले, वजन निम्म्याच्या आसपास. सिटिझननं १९७० मध्येच त्याचं घड्याळ काढलं होतं. सिरॅमिकवर सहसा ओरखडा उठत नाही, पण ते फरशीवर पडलं तर तडकू शकतं आणि तडकलेलं जोडता येत नाही. ब्राँझ देवघरातल्या समईसारखं काळवंडतं. ज्यांना ते आवडतं त्यांनीच घ्यावं.

जुनं घड्याळ विकत घेताना डायलच्या चमचमाटाकडं उशिरा बघावं, पाठ आधी वाचावी. एचएमटीनं १९६१ साली सिटिझनच्या साहाय्यानं बंगळूरात घड्याळं बनवायला सुरुवात केली, २०१६ मध्ये तो अध्याय मिटला, आणि आता त्यांच्या जुन्या 'जनता' मॉडेलला नव्यानं मागणी आली आहे. त्याबरोबर नव्यानं रंगवलेल्या डायलची, चार घड्याळांचे भाग जोडून केलेली घड्याळंही फिरतात. जगभरच्या हौशी लोकांत अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, याचं मला वाईट वाटतं. याच शहरात काकांसारखी माणसं बसलेली आहेत.

काकांनी विचारलं, "नवीन क्रोम मारून देऊ का?" ते करायचं तर आधी डबा घासून साफ करावा लागतो, कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात. डाव्या कडेला, नऊच्या आकड्याजवळ, बोटाच्या पेराएवढं पितळ उघडं पडलंय. चावी देताना डावा अंगठा तिथं टेकतो. वडील रोज सकाळी चहाच्या आधी चावी देत.

मी नको म्हटलं. घरी आल्यावर स्पीकर दुसऱ्या खोलीत नेला आणि उशाशी एक लाकडी वाटी ठेवली. रात्री घड्याळ काढलं की घाम कोरड्या फडक्यानं पुसते, पितळेच्या जागी जरा जास्त वेळ.