ग्रंथालयीन तंत्रसाहाय्य व वाचकाची गोपनीयता

ग्रंथालयात संगणक किंवा भ्रमणध्वनी वापरण्यास वाचकाला मदत करताना त्याची खाजगी माहिती जपण्याची पद्धती. पंचवटीच्या पैलतीरी, नाशिकमध्ये, १८४० साली सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले, त्या काळी अशा संस्थांत वाचकाला मुख्यतः ग्रंथ शोधून देण्याचीच मदत लागे. पुढे रूढ झालेल्या ब्राउन देवघेव पद्धतीत ग्रंथ परत येताच वाचकाचे तिकीट व ग्रंथपत्र विलग होत. कोणी काय वाचले, याचा माग उरत नसे. संगणक मात्र पाहिलेली संकेतस्थळे व भरलेले तपशील साठवू शकतो. म्हणून साहाय्यकाने केवळ कृती सांगावी; परवलीचा शब्द वाचकानेच टंकावा व त्या वेळी साहाय्यकाने पडद्यावरून दृष्टी वळवावी. काम संपताच खाते बंद करून नोंदी व उतरवलेली कागदपत्रे पुसावीत. गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला.