घरातील पोपट : आधी ओळख, मग देखभाल

जुळे सोलापुरातील सदनिकांच्या गॅलरीत वा बंगल्यांच्या पडवीत टांगलेला पिंजरा काही नवलाचा नाही. मात्र त्यातील पक्षी कोणता, हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. आपण ज्याला ‘मिठू’ म्हणतो, तो हिरवा, लाल चोचीचा पोपट हा येथील वन्य पक्षी आहे. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या कणसांवर थव्याने उतरतो तोच हा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. ‘आमच्याकडे वीस वर्षांपासून आहे’ ही सबब कायद्यापुढे टिकत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर विक्रीस येणारी पिल्ले झाडांच्या ढोलीतून काढलेली असतात, आणि त्यांतील कित्येक विक्रेत्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच दगावतात.

पाळता येतो तो बजरीगर. दुकानात यालाच ‘लव्ह बर्ड’ म्हणून विकतात. खरा लव्ह बर्ड आफ्रिकेचा, तर बजरीगर ऑस्ट्रेलियाचा. मकाव किंवा आफ्रिकन ग्रे यांसारख्या विदेशी पक्ष्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. बजरीगरला ती लागत नाही.

पिंजरा उंच घेण्यापेक्षा लांब घ्यावा, कारण पक्षी आडवा उडतो. जोडीसाठी किमान अडीच फूट लांबी हवी आणि दोन गजांतील अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नसावे. बसण्यासाठी गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्यांऐवजी कडुलिंबाच्या कमी-अधिक जाडीच्या फांद्या लावल्यास पायांना व्यायाम मिळतो.

आहाराबाबत आपल्याकडे सर्वाधिक गैरसमज आहेत. राळा आणि बाजरी हे मुख्य अन्न खरे, पण केवळ दाण्यांवर ठेवलेल्या पक्ष्यात ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होते. म्हणून स्वच्छ धुतलेली मेथी, कोथिंबीर, किसलेले गाजर रोज थोडे द्यावे. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यात अडकवावा. हिरवी मिरची पक्ष्यांना तिखट लागत नाही, त्यामुळे ती दिली तरी हरकत नाही. चहात बुडवलेले बिस्कीट, फरसाण आणि चॉकलेट मात्र कटाक्षाने टाळावे. पाहुण्यांनी कौतुकाने भरवले तरीही. अॅव्होकॅडो तर विषारीच ठरते.

सोलापूरचा उन्हाळा हा स्वतंत्र विषय आहे. बजरीगर मूळचा कोरड्या प्रदेशातील असला, तरी तेथे तो सावली आणि पाणी शोधत उडत जाऊ शकतो. पिंजऱ्यात तो अडकलेला असतो. पारा ४० अंशांपलीकडे गेला, की पत्र्याच्या शेडखाली किंवा पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलेला पक्षी काही तासांत मरू शकतो. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकणे, पंख अंगापासून दूर धरणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी पिंजरा आतल्या थंड खोलीत न्यावा, आंघोळीसाठी पसरट भांड्यात पाणी द्यावे, पिंजऱ्याच्या एका बाजूवर ओले कापड टाकावे. कूलरचा झोत थेट अंगावर नको. पिण्याचे पाणी दिवसातून दोनदा बदलावे. त्यासाठी लागते ते वाटीभर पाणी, तेव्हा टंचाईचे कारण येथे चालणार नाही.

पिंजरा स्वयंपाकघरात कधीही ठेवू नये. नॉन-स्टिक तवा जास्त तापल्यास निघणारा वायू माणसाला जाणवत नाही. पक्षी मात्र त्याने मिनिटांत दगावतो. आजारपण हा पक्षी शेवटपर्यंत लपवतो. पिसे फुगवून दिवसाही झोपलेला दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे. विष्ठेची वाळलेली धूळ श्वासावाटे माणसांनाही आजार देऊ शकते. म्हणून तळ ओला करून पुसावा, नंतर हात धुवावेत.

ज्यांच्या घरी आधीपासून देशी पोपट आहे, त्यांनी कायद्याच्या धास्तीने तो खिडकीतून सोडून देऊ नये. माणसाच्या हातून खाऊन वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही आणि कावळे-मांजरांपासून बचावही करता येत नाही. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवून पक्षी त्यांच्या स्वाधीन करावा. उडण्याची क्षमता तपासून त्याला निसर्गात सोडायचे की नाही, हे तेथील जाणकार ठरवतात.