घरबदल आणि कुत्र्याचे पोट

लखनौसारख्या राजधानीच्या शहरात बदलीपायी बिऱ्हाडे हलतात आणि सामानाबरोबर कुत्राही हलतो. परक्या जागेत त्याला जुलाब लागले, तर दोष नेहमी अन्नाचाच नसतो. मांजर त्रासले की त्याच्या जठराची हालचाल थांबते, हे कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहून १८९८ साली प्रसिद्ध केले. मोठ्या आतड्याचे मात्र उलट! भयाने त्याची गती वाढते. पाणी शोषले जाण्यापूर्वीच मल बाहेर पडतो. म्हणून नव्या घरीही जुनेच अन्न जुन्याच वेळी द्यावे. जुलाब लागल्यास बिनमसाल्याचा मऊ भात थोडाथोडा घालावा. लखनौच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा पाणी सदैव समोर हवे. रक्त, वारंवार वांती वा ग्लानी दिसल्यास घरबदलाला दोष देत बसू नये. लस न टोचलेल्या पिल्लाला पार्व्होचा संसर्ग झालेला असल्यास एका दिवसाचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो.