पुण्याचे वाडे : पडलेले आणि पाडलेले

जुना वाडा पडला म्हणजे वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते आणि तीत ‘जीर्ण’ हा एक शब्द घातला की सारा उलगडा झाला, असे मानण्याचा प्रघात आहे. घर जुने झाले, म्हणून पडले; वरवर पाहता हे पटण्याजोगे आहे. परंतु दीडदोनशे पावसाळे ज्या घराने काढले, ते नेमके गेल्या साठसत्तर वर्षांतच का कोसळावे, असा प्रश्न एकदा मनात आला म्हणजे या शब्दाने समाधान होत नाही. पुण्याच्या पेठांतील वाड्यांच्या निमित्ताने या प्रश्नाचा थोडा खल करावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम वाडा उभा कशावर राहतो ते पाहू. आपल्या वाड्याचा भार भिंती वाहत नाहीत; तो वाहतो सागवानी सांगाडा. घडीव दगडांचे जोते, त्यावर दगडी तळखड्यात उभे केलेले खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि सर्वांवर कौलारू छप्पर, अशी ही रचना. भिंती म्हणजे या सांगाड्यामधली भरणी. खाली दगड किंवा वीट, वर पुष्कळदा मातीचे भेंडे. मध्ये चौक, चौकाभोवती ओसरी, आत माजघर, मागे परसू. उजेड आणि वारा चौकातून येई, म्हणून रस्त्याकडची भिंत जवळजवळ बंद ठेवली तरी चाले. हे सारे बुद्धीने योजलेले होते. मात्र त्याला एक अट होती. दर वर्षी मृगापूर्वी छपराची शाकारणी झाली पाहिजे. फुटलेली चार कौले तशीच राहिली, तर पाणी नेमके खांब आणि तुळई यांच्या सांध्यात उतरते. सागवान ऊन सोसते, भार सोसते; पण हवा न लागता मुरलेले पाणी सोसत नाही. सांधा कुजला की भार शेजारच्या खांबावर जातो आणि मग घर आतून खचू लागते. बाहेरून मात्र पुढची दहा वर्षे काही दिसत नाही.

लाकडाचा दुसरा वैरी अग्नी. १८२८ साली शनिवारवाड्याचे महाल जळाले. आज उभे आहेत ते तट, दरवाजे आणि जोती. १८७९ साली बुधवारवाडा आगीत गेला आणि विश्रामबागवाड्याचाही भाग जळाला. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांत शिरलेल्या पाण्याने मातीच्या भिंती विरघळविल्या आणि किती तरी घरे बसली. पण ही संकटे डोळ्यांना दिसणारी होती. ज्या कारणाने पुराच्या पाण्यापासून दूर असलेले वाडेही गेले, ते कारण कागदावरचे आहे, आणि त्याची चर्चा आपण फार कमी करतो.

ते कारण म्हणजे भाडे. महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर शहरांत माणसांची रीघ लागली. घरमालकांनी अडवणूक करू नये म्हणून १९४७ साली मुंबई राज्यात भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. हेतू दयाबुद्धीचा होता, यात शंका नाही. परंतु प्रमाण भाडे ठरविताना १ सप्टेंबर १९४० या दिवशीचे भाडे आधारास धरले गेले आणि ते तेथेच गोठले. गवंड्याची मजुरी वाढली, कौलांची किंमत वाढली. भाडे वाढले नाही. हे फार काळ न्याय्य म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले. मग १९९९ चा नवा कायदा आला आणि दर वर्षी चार टक्के वाढीची मुभा मिळाली. आता हिशेब करा : दहा रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे चाळीस पैसे! यातून शाकारणी कोणी करावी? मालक म्हणतो, मला परवडत नाही. भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही. दोघांचेही खरे आहे, आणि पाणी सांध्यात उतरत राहते. पुढे पावसाळ्याच्या तोंडाशी महापालिकेची ‘धोकादायक’ म्हणून नोटीस येते. भाडेकरू बाहेर पडत नाही, कारण एकदा बाहेर पडल्यावर आपला हक्क उरेल की नाही, ही त्याला धास्ती. अशा घरात माणसे झोपतात.

इकडे जागेची किंमत आकाशाला भिडलेली. दुमजली वाड्याच्या जागी नियमाने जितके चटईक्षेत्र बांधता येते, त्याच्या मोलापुढे वाड्याच्या लाकडाचे मोल ते काय? तेव्हा मालकाला लोभी म्हणून मोकळे होणे आम्हास पटत नाही. तसेच वाड्याच्या आठवणींत गहिवरून जाणाऱ्यांनी, एका खोलीत सहा माणसे आणि साऱ्या वाड्याला मिळून दोन शौचकूप, हेही आठवावे. चौकातल्या हौदावरचे पाणी वरच्या मजल्यावर नेणाऱ्या बायकांना कोणी विचारले असते, तर त्यांचे मत कदाचित निराळे पडले असते.

कायदा काय करतो? केंद्राचा १९५८ चा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वास्तूंना संरक्षण देतो खरा. पण त्याचे डोळे लागलेले आहेत किल्ला, लेणे, देऊळ यांकडे. राहत्या घराशी कसे वागावे, हे त्याला उमगत नाही. २०१० च्या दुरुस्तीने तर संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई झाली. शनिवारवाड्याच्या सावलीतले मोडकळीस आलेले वाडे त्यामुळे विचित्र पेचात सापडले. दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, पण पैसा नाही. पैसा आणणारे नवे बांधकाम होऊ शकते, पण त्याला परवानगी नाही. मुंबईने १९९५ साली वारसा-इमारतींचे नियम केले, इमारतींच्या श्रेणी ठरविल्या, आणि न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची सोय मालकाला दिली. आमच्या मते या प्रश्नातली खरी किल्ली हीच आहे. यादीत नाव घालणे सोपे. यादीमुळे मालकाचे जे बुडते ते भरून देणे अवघड. भरपाईवाचून केलेली यादी म्हणजे, नाव लागण्यापूर्वीच घर पाडून टाका, असे आमंत्रण होय.

वाचलेल्या वाड्यांकडे पाहिले तर एक गोष्ट ठळक दिसते : त्यांना काम होते. गायकवाडवाडा १९०५ साली टिळकांनी घेतला आणि तो केसरीवाडा झाला. नानावाड्यात शाळा भरत राहिली. विश्रामबागवाड्यात कचेऱ्या राहिल्या. रोज कोणी तरी दार उघडणारा असला की गळती वेळेवर ध्यानात येते. उलट भिडेवाडा पाहा. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती येथे. स्मारक व्हावे हे सर्वांनाच मान्य. वाद कोर्टात वर्षानुवर्षे चालला, आणि २०२३ च्या डिसेंबरात निकाल लागून जागा ताब्यात आली तेव्हा वास्तू पाडावी लागली. स्मारक होईल, पण ज्या भिंतींनी ते अक्षर ऐकले त्या भिंती नसतील.

दिनकर केळकरांनी पडत्या घरांची कोरीव दारे, खिडक्या, खांब जमविले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष त्यांच्या संग्रहालयात पुन्हा उभे आहेत. हे ऋण मोठे आहे. पण संग्रहालयातला दरवाजा कोणत्या दिशेला उघडत होता, उंबऱ्याबाहेर पायऱ्या किती होत्या, हे कोणी लिहून ठेवले नसेल तर दरवाजा मुका होतो. म्हणून जो वाडा वाचविणे शक्यच नाही, त्याचे निदान मोजमाप तरी व्हावे. त्याला सरकार लागत नाही. मोजपट्टी, कागद, आणि छायाचित्रे काढणारा एखादा विद्यार्थी एवढे पुरते. प्रत्येक मजल्याचा नकाशा, चौकाचा एक छेद, खांब-तुळईच्या सांध्याचे एक चित्र, आणि घरात सर्वांत वयस्क जे असतील त्यांच्याकडून कोणती खोली कशाला वापरीत याची टिपणे. हे काम पाडकामाच्या कंत्राटदाराची माणसे येण्यापूर्वी करावे लागते, कारण ती प्रथम दारे-खिडक्या काढून नेतात. जुन्या सागवानाला गिऱ्हाईक लगेच मिळते.